नव्या मेडिकलमधील सक्तीचे प्रशिक्षण हुकले. हजेरीपत्रकावर मागाहून सही करावी का?

आष्ट्याची फार्मासिस्ट:

नमस्कार. डी. फार्म. आणि त्यानंतरची महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी पूर्ण करून मी नुकतीच सांगलीत विश्रामबाग भागातील एका साखळी मेडिकलमध्ये रुजू झाले आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझा प्रश्न नावाशिवायही समजण्यासारखा आहे.

माझ्या नियुक्तिपत्रात असे कलम आहे की, प्रोबेशनच्या काळात कंपनीचे एक दिवसाचे प्रशिक्षण पूर्ण करणे सक्तीचे असून त्याशिवाय नोकरी कायम होणार नाही. आमच्या तुकडीचे प्रशिक्षण रविवारी, म्हणजे माझ्या साप्ताहिक सुट्टीच्याच दिवशी, कोल्हापूरला ठेवले होते. आदल्या रात्री आमच्या मॅनेजर साहेबांचा फोन आला की, दुकानातील वरिष्ठ फार्मासिस्ट अचानक गावी गेले आहेत, दुसरे कोणीही नोंदणीकृत नाही, तेव्हा तुम्ही उद्या दुकान सांभाळा, कोल्हापूरला मी कळवतो. त्यानुसार मी रविवारी सकाळी आष्ट्याहून एस. टी. ने आले आणि रात्री शटर ओढेपर्यंत काउंटरवरच होते.

साहेबांनी कोल्हापूरला काहीच कळवले नव्हते, असे आता दिसते. मुख्य कार्यालयातून मला मेल आला आहे की, 'अनिवार्य प्रशिक्षणास आपण विनापरवानगी गैरहजर राहिलात, लेखी खुलासा करावा.' मी तो मेल साहेबांना दाखवला, तेव्हा ते म्हणाले की, उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नका, प्रशिक्षण देणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत, मी हजेरीपत्रक मागवून घेतो, त्यावर तुम्ही सही करून टाका, शिकण्यासारखे जे काही आहे ते मी तुम्हाला इथेच दोन तासांत शिकवतो.

साहेब स्वभावाने वाईट नाहीत, हेही मला सांगितले पाहिजे. परंतु सही करायला हात धजत नाही, आणि खुलासा लिहिला तर त्यांचीच तक्रार केल्यासारखे होईल. घरच्यांचे म्हणणे असे की, नवी नोकरी आहे, वरच्यांशी वाकडे घेऊ नकोस. जाणकारांनी कृपया सांगावे.

गणपती पेठेतला दुकानदार:

ताई, मी साखळी दुकानवाला नाही. वडिलांपासून चालत आलेले मेडिकल चालवतो, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे पडेल. ही कंपन्यांची प्रशिक्षणे मी पाहिली आहेत, कारण माझ्याकडे काम शिकलेली दोन मुले पुढे तशाच दुकानांत गेली. सकाळी गणवेश आणि नमस्कार कसा करायचा हे सांगतात, दुपारी सॉफ्टवेअर दाखवतात, आणि संध्याकाळी ग्राहकाला सदस्यत्वाचे कार्ड कसे गळ्यात मारायचे ते शिकवतात. औषधांचे खरे शिक्षण काउंटरवर, चिठ्ठ्या वाचता वाचताच होते. मागची एक्स्पायरी पुढे लावायची, होलसेलरचे चलन आणि आलेला माल बॅच नंबर लावून ताडून घ्यायचा, डॉक्टरांचे अक्षर लागले नाही तर अंदाज न करता फोन करायचा, हे कोणी सभागृहात बसवून शिकवत नाही. तेव्हा एक दिवस हुकला म्हणून आभाळ कोसळलेले नाही.

सही करावी की नाही, ते तुम्ही ठरवा. पण मॅनेजरशी बिघडवून घेऊन त्याच दुकानात रोज बारा तास काढणे सोपे नसते, एवढे ध्यानात असू द्या.

मिरजकर:

दुकानदार साहेबांचा अनुभव मोठा आहे, तरी मी त्यांच्याशी निम्म्याहून अधिक असहमत आहे. मी मिरजेत रुग्णालयांच्या ओळीत बरीच वर्षे काउंटरवर उभा राहिलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम कायद्याचे. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, हे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमांत नियम ६५ मध्ये आहे, आणि १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ मध्येही आहे. तुमची नोंदणी आहे, म्हणजे रविवारी तुम्ही एकट्याने दुकान चालवले त्यात बेकायदा काहीच नव्हते. उलट तुम्ही कोल्हापूरला गेला असता, तर त्या दिवशी ते दुकान फार्मासिस्टविना उघडे राहिले असते किंवा बंद ठेवावे लागले असते. मॅनेजरांनी तुम्हाला थांबवले ते याच कारणाने, आणि हे कारण लाजण्यासारखे नाही. कंपनीचे प्रशिक्षण ही कंपनीची अट आहे, सरकारची नाही. ते हुकल्याने तुमच्या नोंदणीला ओरखडाही येत नाही.

सहीचे मात्र तसे नाही. हजेरीपत्रक ही कंपनीच्या दृष्टीने पुराव्याची वस्तू असते. उद्या तुमच्या हातून एखाद्या रुग्णाला चुकीचे औषध गेले आणि प्रकरण वाढले, तर कंपनी सर्वांत आधी तोच कागद पुढे करील की, या बाईंना अमुक तारखेला हे सर्व शिकवले होते, ही त्यांची सही. जे तुम्हाला शिकवलेच नाही, त्याची जबाबदारी तुम्ही स्वतःच्या हाताने अंगावर घेतलेली असेल. प्रशिक्षण देणारे गृहस्थ ओळखीचे आहेत, हा मॅनेजरांचा मुद्दा त्या दिवशी कोणाच्याच उपयोगी पडणार नाही.

आता दोन तासांत शिकवतो म्हणणाऱ्यांविषयी. इन्सुलिनचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या साध्या बाटल्या बहुधा एका मिलिलीटरला ४० युनिटच्या असतात, तर पेनमध्ये बसवायच्या कार्ट्रिज १०० युनिटच्या. सिरिंजही त्याप्रमाणे दोन प्रकारच्या येतात: लाल टोपणाची ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी. ४० ची बाटली नेणाऱ्या आजोबांच्या हातात घाईत नारिंगी टोपणाची सिरिंज पडली आणि त्यांनी रोजच्या सवयीने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर अंगात प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. साखर का उतरत नाही, म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात. उलट अदलाबदल झाली, तर २० च्या जागी ५० युनिट जातात आणि माणूस घरी बेशुद्ध पडतो. दोन्ही सिरिंज एकाच खणात शेजारी शेजारी ठेवलेली दुकाने मी पाहिली आहेत. हे पुस्तकात असते, परीक्षेतही येते; पण आपल्या दुकानात त्या कोणत्या खणात आहेत, बिल करताना संगणक कोणती आधी दाखवतो आणि चूक लक्षात आल्यावर कोणाला फोन करायचा, हे कंपनीनेच सांगावे लागते.

तसेच मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रुग्णाने ते रोज घेतले, तर रक्तपेशी घटून जिवावर बेतते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' हे इतके बारीक लिहिलेले असते की, नव्या माणसाच्या नजरेतून सुटू शकते. ती गोळी देताना वार विचारायचा आणि तो पाकिटावर मराठीत लिहून द्यायचा, अशी पद्धत आमच्या जुन्या मालकांनी घातली होती, ती मी अजून मोडलेली नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत: सही करू नका, आणि पुढच्या तुकडीत बसण्याचा आग्रह स्वतःहून धरा.

गणपती पेठेतला दुकानदार:

सिरिंजच्या खणाचे म्हणणे मान्य आहे. माझ्याही दुकानात त्या आता वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत. परंतु हे सारे त्या प्रशिक्षणात खरोखर शिकवतात, याची खात्री मिरजकरांना कुठून आली?

मिरजकर:

खात्री नाही. चांगल्या ठिकाणी शिकवतात, वाईट ठिकाणी कार्डच विकायला शिकवतात. पण ताईंनी त्यावर सही केली, तर शिकवले असेच धरले जाईल.

साताऱ्याहून:

मी औषधांच्या व्यवसायातला नाही. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करतो, आणि असे खुलासे मागवणे व वाचणे हेच माझे रोजचे काम आहे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून हे कसे दिसते ते सांगतो.

ताई, एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. रविवारी तुम्ही दुकानात आलात, तेव्हा बोटाच्या ठशाने हजेरी लावली असेल. तुमच्या लॉगिनने दिवसभर बिले निघाली असतील आणि प्रत्येक बिलावर तारीख व वेळ छापली गेली असेल. मुख्य कार्यालयाला हे सर्व बसल्या जागी दिसते. आता त्याच दिवसाच्या कोल्हापूरच्या हजेरीपत्रकावर तुमची सही उमटली, तर एकच बाई एकाच वेळी विश्रामबागेत बिल करते आहे आणि कोल्हापुरात प्रशिक्षण घेते आहे, असे कागदावर होईल. असा विसंगत कागद हाती आला की, आमच्यासारखे लोक गैरहजेरीचा विषय बाजूला ठेवून खोट्या नोंदीची चौकशी सुरू करतात, आणि प्रोबेशनवरील माणसाला त्यातून सोडवणे अवघड असते. मॅनेजर त्या वेळी तुमच्या बाजूने उभे राहतील का, याचा विचार तुम्हीच करा.

मेलला उत्तर न देणे तर त्याहून वाईट. खुलासा मागवला आणि आला नाही, याचा अर्थ आमच्या फाइलीत 'सांगण्यासारखे काही नाही' असा होतो.

उत्तर छोटे, थंड आणि विशेषणांशिवाय असावे. कोणी फसवले, कोणी विसरले, असे काहीही लिहू नये. घडले ते क्रमाने मांडावे. मी लिहिले असते तर असे लिहिले असते:

'महोदय, रविवारच्या प्रशिक्षणास मी उपस्थित राहू शकले नाही, कारण त्या दिवशी दुकानातील वरिष्ठ फार्मासिस्ट रजेवर असल्याने नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून दुकानात माझी उपस्थिती आवश्यक होती, आणि तसे शाखा व्यवस्थापकांनी मला आदल्या रात्री दूरध्वनीवरून कळवले होते. त्या दिवसाची माझी हजेरी व बिलांची नोंद प्रणालीत उपलब्ध आहे. सदर प्रशिक्षण मला घ्यावयाचे असून पुढील तुकडीची तारीख कळवावी, ही विनंती.'

मॅनेजरांनाही त्याची प्रत ठेवावी, म्हणजे पाठीमागून केल्याचा आरोप येणार नाही. मेल पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवा. आदल्या रात्रीच्या फोनची नोंद आणि त्यांचा एखादा संदेश असेल तर तो जपून ठेवा, मात्र मागितल्याशिवाय जोडू नका.

सांगलीवाडीकर:

मला एक साधा प्रश्न पडतो. सांगली ते कोल्हापूर अंतर ते किती! वरिष्ठ फार्मासिस्ट दुपारनंतर येत असतील, तर उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी तरी जाता आले नसते का? आमच्या कार्यालयात अर्ध्या दिवसाची उपस्थितीही मांडतात.

आष्ट्याची फार्मासिस्ट:

वरिष्ठ सर रविवारी आलेच नाहीत, त्यामुळे दुकान सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

साताऱ्याच्या दादांनी बिलांचे लिहिले ते वाचून मी दचकलेच. शिवाय त्या दिवशीच्या एच-वन रजिस्टरमध्ये, म्हणजे नियमांच्या एच-वन परिशिष्टातील औषधे दिल्याची नोंद ठेवण्याच्या वहीत, सर्व नोंदी माझ्याच हस्ताक्षरात आहेत. एका रुग्णाला सेफिक्झिम आणि एका आजींना अल्प्राझोलाम दिल्याची नोंद मी स्वतः केली आहे.

आणखी एक विचारायचे होते. प्रशिक्षण होईपर्यंत मी काउंटरवर उभे राहावे का? साहेब म्हणतात की, तुमची नोंदणी आहे, तेव्हा तुम्ही सर्व काही करू शकता. त्यांचे हे म्हणणे कायद्याने बरोबरच आहे, हे मिरजकर सरांच्या लिहिण्यावरून कळते, तरी मन खात्री देत नाही.

मिरजकर:

एच-वनच्या नोंदी तुमच्या हातच्या असतील, तर सहीचा विषय तिथेच संपला. ते रजिस्टर कोणाच्या मर्जीने बदलता येणारे नाही. १ मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या त्या तरतुदीनुसार औषध देतानाच डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहावी लागते, आणि रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक आले की, पहिल्यांदा हेच उघडतात. नव्या पिढीतील प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, झोपेच्या व गुंगीच्या काही गोळ्या त्यात येतात. अल्प्राझोलामच्या बाबतीत एक सांगतो, रागावू नका: आजी रोजच्या ओळखीच्या असल्या आणि चिठ्ठी जुनी असली, तर नम्रपणे परत पाठवायला शिका. ते प्रशिक्षणात सांगतील न सांगतील, पण विश्रामबागेसारख्या भागात जुन्या चिठ्ठ्या घेऊन येणारे पुष्कळ असतात.

काउंटरवर अवश्य उभे राहा; मागे बसून कोणी शिकत नाही. फक्त वरिष्ठ दुकानात असताना इन्सुलिन, मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि लहान मुलांची सिरपे यांचे बिल होण्याआधी त्यांची एक नजर घ्या. क्लोनाझेपाम आणि क्लोबाझाम यांसारखी सारख्या नावांची औषधे असतील, तर चिठ्ठीवरचे नाव मोठ्याने वाचून मगच स्ट्रिप उचला. आपण कमी पडतो असे ग्राहकाला वाटेल, अशी भीती बाळगू नका. उलट दोघांनी पाहिलेले औषध लोकांना जास्त विश्वासाचे वाटते.

आणि प्रशिक्षणाला जाल तेव्हा एका गोष्टीत सावध राहा. अनेक साखळी दुकानांत 'हे नाही, तर आमचे हे घ्या' असे पर्यायी ब्रँड पुढे करायला शिकवतात. चिठ्ठीवर एच, एच-वन किंवा एक्स परिशिष्टातील औषध असेल, तर त्याच्या जागी दुसरे औषध, मग घटक तोच का असेना, परस्पर देता येत नाही, असे नियम ६५ मध्येच आहे. प्रत्यक्षात सगळीकडे दिले जाते, हेही खरे. डॉक्टरांना फोन करून विचारावे आणि चिठ्ठीवर तशी नोंद करावी, एवढे तरी मी करतो. कंपनीने यावर टार्गेट लावले, तर तिथे मात्र तुम्हाला स्वतःच्या नोंदणीचा विचार करावा लागेल, कारण दुकानाचा परवाना कंपनीचा असला तरी नोंदणी तुमच्या नावाची आहे.

गणपती पेठेतला दुकानदार:

पर्यायी ब्रँडबाबत मिरजकरांनी माझ्या मनातले लिहिले. त्याच एका गोष्टीमुळे माझी कित्येक गिऱ्हाइके साखळी दुकानांतून परत आली आहेत.

सहीबाबत मी आधी मोघम लिहिले होते. बिलांचा मुद्दा वाचल्यावर माझेही मत सही करू नये असेच आहे. मॅनेजरांशी बोलताना एवढे करा की, कामाच्या गर्दीत, इतर मुलांसमोर विषय काढू नका. दुपारी जेवणाच्या वेळी शांतपणे सांगा की, साहेब, बिले माझ्या नावाने निघाली आहेत, सही केली तर दोघेही अडचणीत येऊ. 'दोघेही' हा शब्द विसरू नका. हजेरीपत्रक त्यांनी मागवले आहे, त्यामुळे अडचण आधी त्यांचीच आहे, आणि हे त्यांना तुम्ही न बोलताही कळेल.

नियंत्रक:

चर्चा उत्तम चालली आहे. दोन प्रतिसादांत काही दुकानांची नावे आली होती, ती काढली आहेत. कृपया विषयाला धरूनच लिहावे.

आष्ट्याची फार्मासिस्ट:

कळवायला उशीर झाला, क्षमस्व.

पेठेतल्या काकांनी सांगितले तसेच जेवणाच्या वेळी बोलले. साहेब आधी चिडले, मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि शेवटी म्हणाले की, मेल पाठवा, पण 'दूरध्वनीवरून' हा शब्द काढून 'तोंडी सूचनेनुसार' लिहा. त्याने अर्थ बदलत नसल्यामुळे मी तो बदल केला आणि त्यांच्यासमोरच मेल पाठवला. मुख्य कार्यालयाचे उत्तर आले आहे. विनापरवानगी गैरहजेरीचा शेरा काढला असून पुढच्या तुकडीत माझे नाव घातले आहे. ती तुकडीही कोल्हापूरलाच आहे. वरिष्ठ फार्मासिस्टांची त्या दिवशीची उपस्थिती आधीच नक्की करून ठेवावी, असेही साहेबांना लिहिलेले आहे, आणि ते वाचून साहेबांचा चेहरा पडला, हे मला जाणवले. दोन-तीन दिवस ते कामापुरतेच बोलत होते, आता ठीक आहे.

सिरिंजचा खण मी उघडून पाहिला. दोन्ही रंगांच्या टोपणांच्या एकत्रच होत्या. वरिष्ठ सरांना विचारून नारिंगीच्या खालच्या कप्प्यात हलवल्या आणि वर चिकटपट्टीवर आकडे लिहिले.

आता एकच प्रश्न राहिला. तो रविवार माझ्या साप्ताहिक सुट्टीचा होता. त्या दिवशी काम केले, आणि पुढचे प्रशिक्षणही रविवारीच आहे. या दोन दिवसांची बदली सुट्टी मागता येते का, की आत्ताच इतके झाल्यावर गप्प बसावे?

साताऱ्याहून:

मागता येते, आणि मागावीच. नवा मेल करू नका; ज्या मेलमध्ये त्यांनी शेरा काढल्याचे कळवले आहे, त्यालाच उत्तर म्हणून दोन ओळींत लिहा की, अमुक रविवारी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम केले असून त्याची बदली सुट्टी मिळावी, तसेच पुढील प्रशिक्षणाचा रविवार कामाचा दिवस धरला जाईल का ते कळवावे. त्या रविवारी तुम्ही कामावर होता हे त्यांनी शेरा काढताना स्वतःच मान्य केले आहे, त्यामुळे नाकारायला त्यांच्याकडे फारशी जागा नाही. कोल्हापूरला जाण्यायेण्याचा खर्च मिळतो का, तेही त्यातच विचारा. बहुतेक ठिकाणी तिकीट जोडल्यास एस. टी. चे भाडे देतात, तेव्हा तिकिटे टाकू नका.

गणपती पेठेतला दुकानदार:

आणि पगाराची चिठ्ठी हातात आली की, त्यावरचे हजेरीचे दिवस आधी मोजा. तो रविवार गैरहजर मांडून पैसे कापले गेले असतील, तर शेरा काढूनही ते आपोआप परत येत नाहीत, वेगळे मागावे लागतात.